सिलिकॉन नायट्राइड वाकत का नाही? डिसलोकेशन्स आणि प्लास्टिक विरूपण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धातूंबद्दल थोडेफार शिकून सिरॅमिककडे वळलेल्या माणसाला जे प्रश्न हटकून पडतात, ते इथे सिलिकॉन नायट्राइड या सिलिकॉन आणि नायट्रोजनच्या कठीण सिरॅमिकच्या निमित्ताने घेतले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत. जिथे गुंता आहे तिथेच वेळ घालवला आहे.

सिरॅमिक आणि ‘प्लास्टिक’? हे दोन शब्द एकत्र कसे?

पिशवीच्या प्लास्टिकशी काही संबंध नाही. भार काढल्यावर वस्तू मूळ आकारात परतली, तर ते स्थितिस्थापक विरूपण. परतली नाही आणि तुटलीही नाही, तर प्लास्टिक विरूपण. तांब्याची तार वाकवली की वाकलेलीच राहते. सिलिकॉन नायट्राइडची तेवढीच जाड कांडी वाकवायला गेलात तर ती किंचित लवते आणि मग एकदम मोडते. दोन तुकडे पुन्हा जुळवून पाहा, कांडी सरळच दिसेल. मोडेपर्यंतचे सगळे लवणे स्थितिस्थापक होते, म्हणून मागे काही उरले नाही.

डिसलोकेशन म्हणजे नेमके काय?

स्फटिकातल्या अणूंच्या रांगांमध्ये पडलेली रेषेसारखी चूक. वहीच्या मध्येच एखादे अर्धे पान शिवले गेले आहे असे समजा. त्या पानाची कड जिथे संपते तिथे आजूबाजूची पाने वाकून एकमेकांना जुळवून घेतात. ती कड म्हणजे डिसलोकेशन.

तिचे महत्त्व असे : स्फटिकाचा एक थर दुसऱ्यावरून एका झटक्यात सरकवायचा तर सगळे बंध एकाच वेळी तोडावे लागतील. त्याला लागणारा ताण मोजला तर तो धातूंमध्ये प्रत्यक्ष दिसणाऱ्या ताणाच्या शेकडो, कधी हजारो पट येतो. हे कोडे १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे सोडवले. थर एकदम सरकत नाही. चूक एका रांगेतून पुढच्या रांगेत जाते आणि त्या त्या क्षणी थोडेच बंध तुटून नव्याने जुळतात. ती स्फटिकाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोचली की वरचा भाग खालच्या भागावरून एका पायरीने सरकलेला असतो. या पायरीची लांबी आणि दिशा म्हणजे बर्गर्स सदिश. पुढच्या सगळ्या उत्तरांत याच पायरीचे राज्य आहे.

कागदावरची ही कल्पना सरकताना प्रत्यक्ष पाहायला मात्र १९५६ उजाडले. केंब्रिजमध्ये हर्श, हॉर्न आणि व्हेलन यांनी ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हलताना पाहिली.

मग सिलिकॉन नायट्राइडमध्ये डिसलोकेशन्स नसतातच, असेच ना?

असतात. हा सगळ्यांत मुरलेला गैरसमज आहे. ‘ठिसूळ म्हणजे डिसलोकेशन्स नाहीत’ असे समीकरण डोक्यात बसते आणि मग निघत नाही. १९७० च्या दशकापासून या पदार्थात डिसलोकेशन्स दिसल्याच्या नोंदी आहेत. कित्येक तर भार देण्याआधीच, कण (पदार्थ ज्या बारीक स्फटिकांचा बनतो ते) वाढतानाच तयार झालेल्या असतात. सिंटरिंगमध्ये, म्हणजे पावडर तापवून दाट करताना, बीटाचा (या पदार्थाच्या एका स्फटिकरूपाचा, पुढे येईलच) कण एका लहान बीजाभोवती वाढतो. बीजाची आणि नंतर बसलेल्या थराची रासायनिक घडण थोडी वेगळी असली, उदाहरणार्थ बाहेरच्या थरात ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन जास्त शिरले असले, तर दोघांच्या जाळ्यांची मापे तंतोतंत जुळत नाहीत. तो फरक सांधायला मधल्या सीमेवर डिसलोकेशन्स येतात.

तेव्हा प्रश्न ‘आहेत का’ असा नाही, ‘हलतात का’ असा आहे. नेहमीच्या परिस्थितीत त्याचे उत्तर नाही असे येते.

स्फटिकाची रचना थोडक्यात सांगाल का?

तीन सिलिकॉनमागे चार नायट्रोजन. प्रत्येक सिलिकॉनभोवती चार नायट्रोजन, म्हणजे एक चतुष्फलक. प्रत्येक नायट्रोजन तीन चतुष्फलकांचा सामाईक कोपरा. ‘तीन’ या आकड्याकडे नीट पाहा, कारण अडचण तिथेच सुरू होते. क्वार्ट्‌झमध्ये ऑक्सिजन दोनच चतुष्फलकांना जोडतो, त्यामुळे तो सांधा बिजागरीसारखा थोडा फिरू शकतो. तिघांना बांधलेला नायट्रोजन तसा फिरत नाही. एकाला सरकवायला गेलात की दुसरे दोन ओढले जातात.

नेहमी भेटणारी रूपे दोन : अल्फा आणि बीटा. बीटा षट्कोनी आहे. त्याच्या एकक पेशीची (स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान ठोकळ्याची) पायाची कड, म्हणजे ए, सुमारे ०.७६ नॅनोमीटर आणि उंची, म्हणजे सी, अवघी ०.२९ नॅनोमीटर. बसका डबाच म्हणा. अल्फात थरांची रचना अशी आहे की तोच नमुना पुन्हा यायला जवळजवळ दुप्पट उंची लागते, सुमारे ०.५६ नॅनोमीटर.

बीटामध्ये डिसलोकेशन कोणत्या दिशेने सरकते?

सी अक्षाच्या दिशेने, आणि षट्कोनी प्रिझमच्या उभ्या बाजूंना समांतर असलेल्या प्रतलांवर. कण पेन्सिलीसारखा कल्पिला, तर सरकणे पेन्सिलीच्या लांबीच्या दिशेने होते आणि सरकणारे प्रतल तिच्या सपाट बाजूला समांतर असते.

हीच दिशा का? डिसलोकेशनची प्रत्येक मीटरमागची ऊर्जा ढोबळमानाने कर्तन गुणांक गुणिले बर्गर्स सदिशाचा वर्ग, भागिले दोन. कर्तन गुणांक, म्हणजे सरकवणाऱ्या ताणापुढे पदार्थ किती ताठ राहतो याचे माप, १२० गिगापास्कलच्या आसपास धरू. सी दिशेची पायरी ०.२९ नॅनोमीटरची, तेव्हा ऊर्जा येते प्रति मीटर सुमारे ५ नॅनोज्यूल. ए दिशेची पायरी ०.७६ नॅनोमीटरची, तिथे तीच ऊर्जा ३५ नॅनोज्यूलच्या घरात जाते. जवळजवळ सातपट. निसर्ग स्वस्त वाट सोडून सातपट महाग वाट सहसा घेत नाही.

आकडा लहान वाटतो म्हणून दुसऱ्या मापात सांगतो. सी दिशेच्या डिसलोकेशनची एक नॅनोमीटर लांबी तयार करायला सुमारे ३० इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. खोलीच्या तापमानाला अणूच्या थरथरीची ऊर्जा सुमारे ०.०२५ इलेक्ट्रॉनव्होल्ट. केवळ उष्णतेच्या जोरावर नवे डिसलोकेशन आपोआप जन्माला येईल ही आशा सोडलेलीच बरी.

आणि अल्फामध्ये?

तिथे सी दिशेची पायरी ०.५६ नॅनोमीटरची, म्हणजे ऊर्जा बीटाच्या सुमारे पावणेचारपट. अल्फा बीटापेक्षा कठीण असते यामागे हे एक कारण धरायला हरकत नाही. एकमेव कारण मात्र समजू नका.

सी दिशेची पायरी तर लहान आहे. मग डिसलोकेशन सहज का सरकत नाही?

पायरी लहान असणे वेगळे आणि ती ओलांडणे सोपे असणे वेगळे.

डिसलोकेशनला एका दरीतून (कमी ऊर्जेच्या जागेतून) पुढच्या दरीत जायचे तर मधला उंचवटा पार करावा लागतो. त्याला लागणाऱ्या ताणाला पायर्ल्स ताण म्हणतात. १९४० मध्ये रुडॉल्फ पायर्ल्स यांनी त्याचा पहिला हिशेब मांडला. त्या हिशेबातली कळीची गोष्ट म्हणजे डिसलोकेशनच्या गाभ्याची रुंदी. तांब्यात गाभा पसरट असतो. चूक बऱ्याच अणूंमध्ये थोडी थोडी वाटली जाते, त्यामुळे उंचवटा जवळजवळ सपाट होतो. सहसंयुज बंध मात्र दिशेचे हट्टी असतात : ठरलेला कोन, ठरलेली लांबी, आणि इथे लांबी सुमारे ०.१७ नॅनोमीटर. असा बंध चूक वाटून घेत नाही, तो अखंड राहतो नाहीतर तुटतो. म्हणून गाभा अरुंद राहतो. रुंदी त्या सूत्रात घातांकात बसलेली असल्याने ती थोडी जरी घटली तरी ताण प्रचंड वाढतो.

धातूतला इलेक्ट्रॉनांचा समुदाय कोणत्या अणूशेजारी कोण बसले आहे याची फिकीर करत नाही. इथे प्रत्येक शेजार करारबद्ध आहे.

पुरेसा जोर लावला तर सरकेलच ना? मग आधी तडा का जातो?

हा माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर दोन आकड्यांच्या शर्यतीत आहे.

चांगल्या दाट सिलिकॉन नायट्राइडचा व्हिकर्स कठीणपणा (हिऱ्याचे टोक रुतवून मोजलेला) सुमारे १५ गिगापास्कल. धातूंसाठी वापरला जाणारा ठोकताळा असा की कठीणपणाला तीनने भागले की प्लास्टिक विरूपण सुरू होण्याचा ताण मिळतो. सिरॅमिकला तो तंतोतंत लागू पडत नाही, उलट खरा आकडा याहून वरच जाईल. तरी ५ गिगापास्कल धरू. आता दुसरा आकडा : तोच पदार्थ वाकवून मोडायला लागणारा ताण, उत्तम नमुन्यात १ गिगापास्कलच्या आसपास. पहिला येण्याआधीच दुसरा पाचपट लवकर हजर होतो.

मोडण्याचा ताण इतका कमी का? कारण आत कुठेतरी एखादे छिद्र, घासकामाचा ओरखडा किंवा परका कण असतोच. भंग-चिवटपणा, म्हणजे तड्याला पुढे जाऊ न देण्याची ताकद, साधारण ६ मेगापास्कल-वर्गमूळ-मीटर असेल, तर पृष्ठभागावरचा दहा-वीस मायक्रॉन खोल दोषही ८०० मेगापास्कलला कांडी मोडायला पुरतो. धातूतही दोष असतात, पण तिथे तड्याच्या टोकाशी डिसलोकेशन्स धावत येतात आणि टोक बोथट करतात. इथे टोक धारदारच राहते.

समजा डिसलोकेशन्स हलू लागल्या. मग पदार्थ धातूसारखा वाकेल?

नाही. एकच दिशा पुरत नाही.

अनेक कणांच्या गुच्छातला प्रत्येक कण शेजाऱ्यांनी वेढलेला असतो. सगळे मिळून आकार बदलायचा तर प्रत्येक कणाला हवा तो आकार घेता आला पाहिजे. त्यासाठी सरकण्याच्या किमान पाच स्वतंत्र तऱ्हा लागतात. ही अट फॉन मिझेस यांच्या नावाने ओळखली जाते, १९२८ ची आहे. बीटामध्ये सी दिशा आणि उभी प्रतले एवढेच धरले तर हाती फक्त दोन स्वतंत्र तऱ्हा उरतात. उभी प्रतले कितीही वाढवा, दिशा तीच असल्याने तिसरी मिळत नाही. एक कण सरकला की शेजारच्या कणाशी त्याचे जमत नाही, सीमेवर ताण साठतो आणि तिथून तडा फुटतो.

एकट्या कणाचेही हाल पाहा. पेन्सिल उभी धरून वरून दाबली, तर भार सरकण्याच्या प्रतलाला समांतर पडतो आणि त्या प्रतलावर सरकवणारा ताण शून्य येतो. आडवी ठेवून दाबली, तर भार सरकण्याच्या दिशेला काटकोनात येतो, पुन्हा शून्य. तिरकी धरली तरच काही हाती लागते, ४५ अंशांच्या आसपास सर्वांत जास्त, आणि तेव्हाही सरकवणारा ताण दिलेल्या ताणाच्या निम्माच. भार नेमका कुठल्या कोनातून येतो हे न सांगता एकेरी स्फटिकाच्या ‘ताकदी’चा आकडा दिलेला दिसला, की मी तो निबंध बाजूला ठेवतो.

खोलीच्या तापमानाला डिसलोकेशन्स अजिबात हलत नाहीत का?

हलतात, पण त्यासाठी तड्याला अडवून धरावे लागते. हिऱ्याचे टोक पृष्ठभागात रुतवले की त्याखालचा पदार्थ चहूबाजूंनी दाबला जातो. तडा उघडायला ओढणारा ताण लागतो, दाबाखाली तो उघडत नाही. मग सरकवणारा ताण हवा तेवढा वाढू शकतो. अशा खळगीखालून पातळ काप काढून पाहिला तर बीटाच्या कणांत डिसलोकेशन्स सापडतात. खळगी टिकून राहते हाच मुळात काही अणू कायमचे हलल्याचा पुरावा आहे. अर्थात खळगीच्या कोपऱ्यांतून तडेही निघतातच.

एक-दोन मायक्रॉनच्या खांबांवरच्या चाचण्यांत सिरॅमिक वाकल्याचे वाचले. ते खरे मानायचे का?

खरे मानायला हरकत नाही, फक्त अर्थ नीट लावायला हवा. खांब एक मायक्रॉनचा असला तर दहा मायक्रॉनचा दोष त्यात मावतच नाही. वर सांगितलेल्या शर्यतीत तड्याची बाजू अशी लंगडी पडते आणि सरकणे पुढे निघते. शिवाय या चाचण्या बहुतेक दाबाखाली होतात, तेही तड्याला प्रतिकूल. पदार्थ बदललेला नाही, शर्यतीचे नियम बदलले आहेत. त्या खांबाचा आकडा घेऊन हातभर लांबीच्या भागाचे आराखडे करू नयेत.

तापवल्यावर तरी मऊ होते का?

होते, पण मऊ होणारी वस्तू बहुधा स्फटिक नसते.

शुद्ध सिलिकॉन नायट्राइड नुसते तापवून दाट करता येत नाही. अणूंचे विसरण फार मंद, आणि नेहमीच्या दाबाच्या नायट्रोजनमध्ये १८५०–१९०० अंश सेल्सिअसच्या सुमारास ते वितळण्याऐवजी विघटित होऊ लागते. म्हणून मॅग्नेशिया, यट्रिया, ॲल्युमिना यांसारखी ऑक्साइडे मिसळतात. त्यांचा आणि पावडरीवरच्या सिलिकाचा मिळून द्रव होतो, अल्फा त्यात विरघळते आणि बीटा होऊन बाहेर पडते. थंड झाल्यावर तो द्रव काच होऊन कणांच्या मध्ये राहतो. डेव्हिड क्लार्क आणि गॅरेथ थॉमस यांनी १९७७ मध्ये मॅग्नेशिया घातलेल्या नमुन्यात ही काच कणसीमेवर पातळ पापुद्र्यासारखी असल्याचे दाखवले. जाडी नॅनोमीटरच्या घरात.

तापमान वाढवत गेलात की स्फटिकातली डिसलोकेशन्स हलायला तयार होण्याच्या कितीतरी आधी ही काच मऊ होते. कण एकमेकांवरून घसरू लागतात, कोपऱ्यांतल्या काचेत पोकळ्या होतात. बाहेरून पाहणाऱ्याला ‘पदार्थ प्लास्टिक झाला’ असे दिसते. सरकले काय? काच. मॅग्नेशियाऐवजी यट्रिया घातली की काच जास्त तापमानापर्यंत टिकते आणि क्रीप (तापलेल्या वस्तूचे कायम भाराखाली सावकाश होत राहणारे विरूपण) घटतो, यातही तेच उघड होते, कारण स्फटिक दोन्हीकडे एकच असतो.

क्रीपनंतरच्या नमुन्यात डिसलोकेशन्स दिसल्या. म्हणजे क्रीप त्यांच्यामुळेच झाला, बरोबर?

बरोबर नाही, आणि ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते.

घसरताना एक कण दुसऱ्याला जिथे अडतो तिथे ताण एकवटतो. त्या ठिपक्यापुरत्या डिसलोकेशन्स हलतात आणि थंड झाल्यावर तिथेच गोठतात. त्या विरूपणाच्या साक्षीदार असतील, पण विरूपण त्यांनी घडवले असे त्यावरून ठरत नाही.

दुसरा सापळा घातांकाचा. धातूत क्रीपचा दर ताणाच्या तिसऱ्या ते पाचव्या घाताने वाढला की ‘डिसलोकेशन क्रीप’ असे लिहून मोकळे होतात. सिलिकॉन नायट्राइड ताणून पाहिले तर तिथेही मोठा घातांक येतो, पण त्याचे कारण काचेत उघडणाऱ्या पोकळ्या हे असते. खात्री करायची तर तोच नमुना त्याच तापमानाला एकदा ताणून आणि एकदा दाबून पाहा. डिसलोकेशनला दोन्ही दिशा सारख्याच, तेव्हा दरही जवळपास सारखा यायला हवा. प्रत्यक्षात ताणताना तो कितीतरी जास्त येतो. पोकळी ताणाखाली उघडते, दाबाखाली नाही.

सिलिकॉन नायट्राइड दीडपट-अडीचपट लांब ताणता येते असे म्हणतात. अफवा आहे का?

अफवा नाही. १९९० मध्ये जपानमध्ये वाकाई आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉन नायट्राइड आणि सिलिकॉन कार्बाइड यांचे अतिसूक्ष्म कणांचे मिश्रण १६०० अंश सेल्सिअसला ताणले. लांबी मूळच्या १५० टक्क्यांहून अधिक वाढली, म्हणजे अडीचपटीच्या पुढे गेली. याला अतिप्लास्टिकता म्हणतात. मात्र इथेही बारीक कण मधल्या द्रवावरून एकमेकांशेजारून सरकतात. कणाच्या आतले जाळे जवळजवळ जसेच्या तसे राहते.

बेअरिंगच्या गोळ्यांखाली दिसणारे ‘आभासी प्लास्टिक’ विरूपण म्हणजे काय?

गोळा सपाट काचेवर दाबला की वर्तुळाकार तडा जातो. लांबट, जाड कणांच्या सिलिकॉन नायट्राइडवर दाबला तर पुष्कळदा तसा तडा जात नाही. उथळ कायमचा खळगा उरतो आणि भार-विकृतीचा आलेख धातूसारखा वाकतो. खालचा काप पाहिला की उलगडा होतो : कणसीमांवर असंख्य बारीक तडे पडून घसरलेले असतात. एका मोठ्या तड्याचे काम हजार छोट्यांनी वाटून घेतलेले. ब्रायन लॉन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हा प्रकार तपशिलाने मांडला. डिसलोकेशन्सचा यात हात नगण्य.

मग चिवटपणा येतो कुठून?

लांबट बीटा कणांकडून. तडा पुढे जातो, पण मागे राहिलेले कण त्याच्या दोन काठांना टाचणीसारखे धरून ठेवतात. काच ०.७–०.८, तर सिलिकॉन नायट्राइड साधारण ५ ते ८ मेगापास्कल-वर्गमूळ-मीटर. अणुरचनेने वाकणे नाकारले ते कणांच्या आकाराने थोडे भरून काढले, आणि माझ्या लेखी या पदार्थातली सर्वांत हुशार गोष्ट हीच.

डिसलोकेशन्समुळे उष्णतावहन घटते का?

थोडे. मोठा दोषी जाळ्यात विरघळलेला ऑक्सिजन. त्याच्यामुळे सिलिकॉनच्या जागा रिकाम्या पडतात आणि उष्णता वाहणारी कंपने त्यांवर विखुरतात. ऑक्सिजन कमी करत नेऊन १७७ वॅट प्रति मीटर-केल्विनपर्यंतचे नमुने बनले आहेत.

सूक्ष्मदर्शकाखाली बर्गर्स सदिश कसा ओळखायचा?

वेगवेगळ्या विवर्तन-सदिशांनी (इलेक्ट्रॉन ज्या अणुप्रतलांवरून विवर्तित होऊन चित्र देतात, त्यांना लंब असलेल्या दिशांनी) तीच रेषा पाहायची. ज्या सदिशाला बर्गर्स सदिश काटकोनात असतो, त्याने घेतलेल्या चित्रात रेषा दिसेनाशी होते. अशा दोन वेगळ्या ‘गायब’ चित्रांतून दिशा पक्की होते. सी दिशेची रेषा असेल तर सी अक्षाला काटकोनातल्या कोणत्याही विवर्तनाने ती पुसट होते, त्यामुळे बीटामध्ये काम तुलनेने सोपे. धारेच्या प्रकारच्या (वरच्या अर्ध्या पानाच्या कडेसारख्या) डिसलोकेशनचा थोडा ठसा तरीही उरतो, त्याने गोंधळू नका. एकाच चित्रावरून ठरवलेल्या सदिशावर विश्वास ठेवू नये.

अल्फातून बीटा होणे हे सरकण्यानेच होते का?

नाही. दोन्ही रूपांत बंधांची जोडणी वेगळी आहे, थर नुसते सरकवून एकातून दुसरे मिळत नाही. बंध तोडून पुन्हा बांधावे लागतात. सिंटरिंगमध्ये ते काम विरघळून पुन्हा बाहेर पडण्याने होते.

गॅमा रूपाचे काय?

१९९९ मध्ये १५ गिगापास्कलहून जास्त दाब आणि २००० केल्विनच्या वरचे तापमान देऊन ते प्रथम मिळाले. स्पिनेल प्रकारची घनाकृती रचना आहे, त्यात काही सिलिकॉनभोवती चारऐवजी सहा नायट्रोजन बसतात. घन रचनेत सममिती जास्त, त्यामुळे सरकण्याच्या समतुल्य दिशाही बीटापेक्षा जास्त. एवढ्यावरून ते मऊ असेल असे वाटेल, पण कठीणपणा बीटाच्या दुपटीच्या आसपास आहे. दिशा वाढल्या, तरी प्रत्येक दिशेचा उंचवटाही वाढला.